शिक्का नीट कोरला, तरी ठसा नीट का उठत नाही?

लेटरबॉक्सिंगसाठी, म्हणजे लपवलेले डबे शोधून शिक्क्यांचे ठसे जमवायच्या छंदासाठी, घरी खोडरबरावर शिक्का कोरला की पहिला ठसा बहुधा मनासारखा येत नाही. मधे पांढरा डाग राहतो, एक कड फिकट येते, चित्राभोवती नको त्या रेघा उमटतात. मूल हिरमुसतं आणि घरातलं मोठं माणूस "थोडं अजून कोरू या" म्हणत कटर हातात घेतं. चांगले शिक्के वाया जातात ते इथेच. एकदा कोरून काढलेलं रबर परत भरता येत नाही, आणि पुष्कळदा दोष कोरण्यात नसतोच. तो रबराच्या पृष्ठभागात, शाईत, वहीखालच्या आधारात किंवा हाताच्या दाबात असतो. म्हणून दोष कुठे आहे हे कळेपर्यंत पातं रबराला लावायचं नाही.

या छंदात शिक्क्याकडून अपेक्षा जरा जास्तच असते. लपवलेल्या डब्यात एक शिक्का आणि एक नोंदवही असते. शोधणारे डब्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घेतात आणि आपल्या शिक्क्याचा ठसा डब्यातल्या वहीत उमटवतात. याची सुरुवात १८५४ साली इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर झाली. जेम्स पेरॉट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल इथे एक बाटली ठेवली आणि तिथवर पोचलेले लोक तिच्यात आपलं नावाचं कार्ड (व्हिजिटिंग कार्ड) टाकू लागले. कार्ड टाकायला काही कसब लागत नाही. शिक्का मात्र उघड्यावर, गुडघ्यावर वही धरून, दुसऱ्याने निवडलेल्या कागदावर उमटवावा लागतो. घरच्या टेबलावर जेमतेम उठणारा ठसा तिथे हमखास फसतो.

आधी तीन ठसे घ्या

शिक्क्याच्या पाठीवर पेनाने बाण काढून चित्राची वरची बाजू ठरवा. सपाट, कडक टेबलावर चार-पाच कोरे कागद एकावर एक ठेवा आणि त्यांवर पहिला ठसा घ्या. मग शिक्का हातात अर्धा फिरवा, म्हणजे बाण तुमच्याकडे येईल, आणि बाकी काहीही न बदलता दुसरा ठसा घ्या. तिसरा ठसा उलटा घ्यायचा: शाई लावलेला शिक्का तोंड वर करून टेबलावर ठेवा, त्यावर कागद अलगद टाका आणि बोटाच्या पेराने कागदाची पाठ सगळीकडे सारख्या दाबाने घासा.

आता तिन्ही ठसे शेजारी ठेवून पाहा. फिकट भाग शिक्क्याबरोबर फिरला, म्हणजे दोन्ही वेळा चित्राच्या त्याच जागी आला, तर दोष शिक्क्यात आहे. शिक्का फिरवूनही फिकटपणा तुमच्या उजव्या हाताकडेच राहिला, तर दोष दाबात किंवा टेबलात आहे. प्रत्येक ठशात वेगळीच जागा फिकट आली, तर शाई सारखी लागलेली नाही. तिसरा ठसा स्वच्छ आला आणि पहिले दोन आले नाहीत, तर तुमचं कोरणं उत्तम आहे. फक्त दाबण्याची पद्धत बदला. या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि तीत मुलं फार रमतात, कारण उत्तर त्यांना स्वतःला शोधता येतं.

डाग दर वेळी त्याच जागी

शाई लावलेला शिक्का खिडकीजवळ तिरपा धरून पाहा. त्या जागी शाईचे बारीक बारीक थेंब जमलेले दिसले, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे, तर रबरावर तेलकट थर आहे. नव्या खोडरबरावर कारखान्यातला पातळ थर किंवा भुकटी असते, शिवाय कोरताना हाताचं तेल लागतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि कोमट पाणी घेऊन मऊ ब्रशने धुवा, पुसा, सावलीत वाळवा. तरीही थेंब जमत असतील तर ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा बारीक घासकागद) ओला करून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर पसरा, शिक्का पालथा ठेवून हलक्या हाताने दहा-पंधरा वेळा गोल फिरवा आणि पुन्हा धुवा. पृष्ठभाग किंचित खरखरीत झाला की शाई धरून राहते.

थेंब नाहीत, पण ती जागा कोरडीच दिसते, तर तिथे खळगा आहे. स्टीलची पट्टी रबरावर उभी धरून उजेडाकडे पाहा. पट्टीखालून प्रकाशाची रेघ दिसते तिथे रबर खाली गेलेलं असतं. खोडरबरं बहुतेक वेळा मधे थोडी फुगीर किंवा दबलेली असतात, काहींवर नाव दाबून छापलेलं असतं. हे कोरण्याआधीच सपाट करून घेणं सगळ्यात सोपं: आधी २२० नंबरचा कागद, मग ४००. कोरल्यानंतर खळगा सापडला तर ४०० नंबरच्या कागदावरच थोडं थोडं घासा आणि दर दहा फेऱ्यांनी ठसा घेऊन पाहा. घासताना रेघांचा माथा खाली येतो आणि रेघ जाड होत जाते, म्हणून बारीक चित्रावर हा उपाय जपून करा.

पातळ रबर लाकडी ठोकळ्यावर चिकटवलं असेल तर दोघांच्या मधे २ ते ३ मिमी जाडीचा फोम हवा. कडक लाकूड आणि पातळ रबर यांत काही लवच राहत नाही. कागदाचा छोटासा उंचवटाही ठशात दिसतो. १० ते १२ मिमी जाडीच्या खोडरबराला ठोकळ्याची गरजच नसते. त्याची स्वतःची लव पुरते.

डाग तुमच्या हाताबरोबर राहतो

शिक्का डावीकडे-उजवीकडे डोलवायची सवय आधी सोडा. डोलवलं की कडा जास्त दाबल्या जातात, बाहेरची कोरलेली जागा कागदाला टेकते आणि रेघ दुहेरी उमटते. शिक्का सरळ टेकवा, एका हाताने जागेवर धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पाठीवर चार कोपरे आणि मधला भाग एकेकदा दाबा. उचलतानाही सरळ वर उचला. शिक्का ५ सेमीपेक्षा मोठा असेल तर बाहेर गेल्यावर वर सांगितलेली उलटी पद्धतच वापरा: शिक्का खाली, वहीचं पान वर.

वहीच्या शिवणीजवळ पान सपाट बसत नाही, म्हणून तिथे अर्धा ठसा हटकून फिकट येतो. पानाखाली सरकवायला वहीच्या मापाचा ३ मिमी जाड पुठ्ठा किंवा हार्डबोर्डचा तुकडा पिशवीत ठेवा. आपण डबा ठेवणार असू तर त्यातही असा तुकडा टाकावा. तुकडा नसला की लोक वही तळहातावर धरून ठसा उमटवतात, आणि चांगला शिक्काही वाईट दिसतो.

चित्राभोवती रेघा आणि ठिपके

कोरणीने रबर काढताना प्रत्येक दोन चरांमधे बारीक कणा उरतो. तोच शाई धरतो. खोली वाढवण्याआधी ते कणे नेमके कुठे आहेत हे बघा: शाई लावा, ठसा घ्या आणि शिक्का पुसू नका. नको त्या जागी जिथे शाई दिसते तेवढंच रुंद यू-आकाराच्या कोरणीने आडवं तासा. सगळीकडे खोल जायची गरज नसते. रेघांच्या मधल्या अरुंद जागेला १ मिमी खोली पुरते. बोटभर रुंद मोकळ्या जागेत मात्र रबर दाबाने खाली वाकतं, तिथे ३ मिमीपर्यंत जा. चित्राबाहेरचं रबर तर तासत बसूच नका, चित्रापासून २-३ मिमी सोडून ते सरळ कापून टाका. कोपरे गेले की अर्ध्या रेघा आपोआप जातात.

याला सोपा आगाऊ उपाय आहे. कोरायच्या आधी रबराचा पृष्ठभाग फिकट रंगाच्या शाईने रंगवून पुसून घ्या. मग कोरलेला भाग पांढरा आणि उरलेला रंगीत दिसतो, त्यामुळे चुकून राहिलेला कणा लगेच डोळ्यात भरतो. पेन्सिलची छाप पुसट झाली तरी अडत नाही.

तरीही थोड्या रेघा राहिल्या आणि त्या चित्राच्या वळणाने जात असतील, तर त्या ठेवाव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे. हाताने कोरलेल्या शिक्क्याची ती ओळख आहे, आणि चित्राभोवती अगदी रिकामी पांढरी जागा पुष्कळदा कोरडी दिसते.

रेघ तुटते, डुलते, गळून पडते

इथे दोष कोरण्यातच आहे. रेघेचा छेद डोळ्यापुढे आणा. ती शेताच्या बांधासारखी हवी: माथा अरुंद, पाया रुंद, दोन्ही बाजूंना उतार. पातं रेघेखाली कललं तर पाया कापला जातो आणि रेघ आळंब्यासारखी होते, वर रुंद आणि खाली बारीक. पहिले दोन-तीन ठसे छान येतात, मग दाबाने रेघ आडवी पडते, ठसा दुहेरी येतो आणि शेवटी तुकडा निघून शाईच्या पॅडला चिकटतो.

व्ही-आकाराची कोरणी आपसूक उतार देते, म्हणून बाह्यरेषेला तीच वापरा: बारीक कामाला १ मिमी, मोकळ्या जागेला २ मिमी किंवा जास्त. कटर वापरत असाल तर पात्याचं टोक नेहमी रेघेपासून दूर कललेलं ठेवा. वळणावर हात फिरवू नका, हातातली कोरणी स्थिर ठेवून रबर फिरवा. वळण गुळगुळीत येतं, आणि रबर धरलेला हात पात्याच्या मागे ठेवणंही सोपं जातं. तो हात पात्यापुढे कधीच येता कामा नये. मुलांना कोरणी देण्याआधी शिकवायची गोष्ट हीच. पातं बोथट असेल तर रबर कापलं न जाता फाटतं आणि कडा दातेरी होते. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, आणि हात सटकतो तो जोर लावल्यावरच.

पायाच गेलेल्या रेघेला दुरुस्ती नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तुकडा बसवला तर जोड कडक होतो आणि ठशात डाग पडतो. रेघ मुद्दाम काढून टाकून चित्र बदलता येत असेल तर बदला: पंखावरचं एक पीस कमी झाल्याने पक्षी बिघडत नाही. नाहीतर खोडरबर उलटं करा, मागची बाजू कोरीच आहे.

अक्षरं उलटी, किंवा वाचता न येणारी

ठसा उलटा येतो हे सगळ्यांना माहीत असतं, गोंधळ होतो तो दोनदा उलटवल्याने. ट्रेसिंग पेपरवर २बी ते ४बी पेन्सिलने चित्र सुलटं काढा, कागद पालथा घालून चमच्याच्या पाठीने रबरावर घासा. रबरावर चित्र उलटं उतरतं आणि ठसा सुलटा येतो, त्यामुळे वेगळं काही करायची गरज नसते. ज्यांनी मोबाइलवर आधीच चित्र उलटं करून घेतलं आणि मग कागद पालथा घातला, त्यांचा ठसा उलटा. कोरायच्या आधी रबर आरशासमोर धरा: आरशात जे दिसतं तेच कागदावर येणार. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. काही फोन फोटो जतन करताना तो पुन्हा उलटवतात.

लेझर प्रिंट रबरावर उतरवायला अ‍ॅसिटोन वापरायची युक्ती कोरायच्या काही खास रबरपट्ट्यांवर चालते. व्हिनाइल खोडरबरावर नको: पृष्ठभाग फुगतो, चिकट होतो आणि मग ठसा कधीच स्वच्छ येत नाही.

देवनागरीत सगळ्यात जास्त शिक्के बिघडतात ते वेलांटीने. 'चिमणी' हे नाव घ्या. रबरावर डावीकडून पाहिलं तर आधी 'णी' येते, पण तिची वेलांटी ह्रस्वासारखी दिसते, आणि शेवटी 'चि' येतो तो दीर्घासारखा. मुलाने अगदी बरोबर उतरवलेलं असतं. कोणीतरी जवळून जाताना "अरे, वेलांटी चुकली" म्हणतं, मूल ती 'सुधारतं' आणि ठशात 'चीमणि' उमटतं. शुद्धलेखन नेहमी आरशात तपासायचं, रबरावर कधीच नाही.

दुसरं, बंद पोटं. 'व' आणि 'ब' यांत फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोट लहान असेल तर तिथे शाई भरते आणि दोन्ही अक्षरं सारखी दिसतात. 'ठ', 'क', 'ळ' यांचंही तसंच. शिरोरेषेपासून पायापर्यंत निदान १२ मिमी उंची घ्या आणि पोट खऱ्या अक्षरापेक्षा थोडं मोठं ठेवा. अनुस्वार हा चहूबाजूंनी सुटा खांब असतो आणि सगळ्यात आधी तोच तुटतो. त्याचा माथा २ मिमी ठेवा, पाया त्याहून रुंद, किंवा तो शिरोरेषेला हलकासा जोडून टाका. शिरोरेषा आणि उभी रेघ मिळते त्या कोपऱ्यात बाहेरून आत कोरत गेलात तर कोरणी सटकून रेघ कापते. कोपऱ्यातून सुरुवात करून मोकळ्या जागेकडे या.

लहान मुलांसाठी यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे अक्षरंच कोरून काढायची आणि भोवतालचं रबर ठेवायचं. रंगीत पट्टीवर पांढरं नाव उमटतं. तुटायला एकही बारीक रेघ उरत नाही, अनुस्वार म्हणजे कोरणीचं टोक एकदा टेकवून फिरवणं.

शाई आणि कागद

रेघा जाड आल्या, पोटं भरली, ठशाभोवती गडद कडा दिसली, की शाई जास्त झाली. शिक्का पॅडवर दाबण्यापेक्षा पॅड उलटा करून शिक्क्यावर चार-पाच वेळा हलके टेकवा. मऊ फोमचा पॅड चरांमधेही शाई ढकलतो, बारीक कामाला फेल्टचा पॅड बरा. पहिला ठसा नेहमी रद्दी कागदावर जाऊ द्या.

डाय इंक पातळ असते, कागदात मुरते, लवकर वाळते. पातळ कागदावर ती पसरते आणि पाठीमागे फुटते. पाणी लागलं की बहुतेक डाय इंक वाहते. पिगमेंट इंक दाट असते, कागदावर बसते, रंग गडद देते, पण वाळायला वेळ घेते आणि चकचकीत कागदावर पुसली जाते. कार्यालयातल्या साध्या स्टँप पॅडची शाई पॅड सुकू नये अशीच बनवलेली असते, म्हणून गुळगुळीत कागदावर ती फार वेळ ओली राहते. डब्यातल्या वहीला १२० ते २०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), चकाकी नसलेला ड्रॉइंगचा कागद वापरला तर या तिन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात. वही मिटण्याआधी ठशावर टिपकागदाचा तुकडा ठेवा.

बाहेर जाताना पॅडऐवजी पाण्याच्या शाईचे ब्रशपेन न्या. शिक्क्यावर थेट रंगवता येतं, एकाच शिक्क्यावर तीन रंग घेता येतात. रंगवेपर्यंत पहिला रंग सुकतो, म्हणून ठसा घेण्याआधी शिक्क्यावर जवळून "हाऽऽ" करून दोन-तीनदा तोंडाची वाफ सोडा. ठसा फिकट आला की बहुतेक वेळा हीच पायरी राहिलेली असते.

काही महिन्यांनी शिक्का चिकटला किंवा वितळल्यासारखा झाला

पांढरी मऊ व्हिनाइल खोडरबरं पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यांत प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ घातलेला असतो. तो हळूहळू बाहेर येतो आणि शेजारच्या प्लॅस्टिकमधे शिरतो. पॉलिस्टायरीन त्याने विरघळल्यासारखं होतं, दोन्ही एकमेकांत रुततात, आणि शिक्का ओढला की त्याचा चेहरा डब्यालाच राहतो. खोडरबर विकताना कागदी आवरण असतं ते याचसाठी. उन्हात तापणाऱ्या डब्यात हे फार लवकर होतं.

डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ किंवा ४ म्हणजे पॉलिएथिलीन, हे चालतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ३ म्हणजे पीव्हीसी; हे टाळा. डबा कसाही असो, शिक्का सुती कापडात किंवा साध्या कागदात गुंडाळूनच ठेवा. हाच प्लॅस्टिसायझर दुहेरी टेपचा गोंदही मऊ करतो, म्हणून ठोकळ्यावर टेपने लावलेलं खोडरबर काही महिन्यांनी घसरतं.

वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवा. ओला शिक्का वहीशेजारी गेला तर पानं चिकटतात. शिक्का पुसायला पाण्याने ओलं केलेलं कापड पुरतं; चरांत वाळलेली शाई असेल तर साबणपाणी आणि जुना मऊ टूथब्रश. स्पिरिट, थिनर लावू नका. रबरावर राहिलेला रंगाचा डाग निरुपद्रवी असतो, तो घालवायला घासू नका.

फोमशीटचे शिक्के

कोरणी हातात द्यायची नाही इतक्या लहान मुलांसाठी २ मिमी फोमशीट ठीक. बोथट पेन्सिलने किंवा रिकाम्या बॉलपेनने दाबून रेघ काढायची, ती पांढरी उमटते. रेघ ठशात बुजते कारण ती उथळ असते किंवा ठसा घेताना जोर जास्त लागतो. त्याच रेघेवरून तीनदा जा आणि शिक्का बोटाच्या टोकांनीच दाबा. पांढऱ्या क्राफ्ट गोंदाने चिकटवलेला फोम दमट डब्यात सुटतो. काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मगच जोडा. फोमचा शिक्का घरच्या वहीसाठी किंवा सोबत नेण्यासाठी ठेवा. डब्यात अनोळखी हातांसाठी सोडायला तो टिकत नाही.

डब्यात सोडायच्या शिक्क्याच्या रेघा सगळीकडे १ मिमीहून जाड ठेवा. पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण कायम शाईने काढा आणि त्याच शिक्क्याचा एक चांगला ठसा कागदावर घेऊन वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. शोधणाऱ्याचा ठसा त्याहून फिकट आला, तर शिक्का झिजला की आपण नीट दाबलं नाही, हे त्याला तिथल्या तिथे ताडून पाहता येतं.